नाडी कुठून जाते

— अहो शिलेदार, धोतर जरा वर घ्या म्हटलं तर एवढे लाल काय होता! खर्ड्याच्या लढाईत तलवारींपुढे छाती काढून उभे राहिलात आणि इथं पुण्याच्या कसब्यात एका म्हाताऱ्या कुंभारणीपुढं मांडी उघडी करायला घाबरता? माझ्या थोरल्या लेकाएवढे आहात. हां, असं. पाच महिने झाले ना वाराला? तळहाताएवढी जखम, तीही जांघेशी — आपोआप नाही भरायची ती. पुन्हा घोड्यावर बसायचं तर तिच्यावर कातडं हवं, आणि ते तुमच्याच मांडीचं — खालून सोडवायचं, एका बाजूला जोडलेला देठ तसाच ठेवायचा आणि फिरवून जखमेवर बसवायचं. केळीचं पान कशाला? माप घ्यायला हो! जेवायला नाही वाढत.

तर त्या देठातून रक्ताची नाडी गेली पाहिजे, तरच कातडं जगतं. आता ती असते कुठं? सगळेच वैद्यबुवा सांगतात, अमुक जागी, सगळ्यांची सारखी. सारखी कशी असेल? मी एवढ्या मांड्या चाचपल्या — हसू नका, मांडी हलते — कुणाची जांघेतच फुटते, कुणाची चार बोटं खाली, कुणाला एक फाटा, कुणाला दोन. सख्ख्या भावांचीसुद्धा एक नसते. म्हणून मी अंगठ्यानं दाबते, कातडं पांढरं पडतं, मग सोडते आणि बघते, लाली कुठल्या अंगानं परत येते.

आमचे हे का नाही बघत म्हणता? बसलेत ना ओसरीवर, पागोटं बांधून. कातडं बसवण्यात नाव त्यांचंच, तुम्हीही ते नाव ऐकूनच आलात. पण बघायचं काम माझं — मांजरी गावच्या गेनबाचं झालं तेव्हापासून. गुळाचा उकळता रस मांडीवर सांडला होता त्याच्या. ह्यांनी देठ नेहमीच्या जागी ठेवला आणि गेनबाची नाडी होती दोन बोटं आत. तिसऱ्या दिवशी कातडं काळं पडलं. गेनबा जगला, पण लंगडतो. आणि ह्यांच्या हाताला तेव्हापासून कंप — वस्तरा धरला की जास्तच — मग मीच...

मग काही नाही. पाय सरळ करा.

असं बघू नका हो. बरं, ऐकलंत ते ऐकलंत. सात जणांचं मी केलं. अफूच्या गुंगीत त्यांना वाटलं, हात ह्यांचाच. सातही कातडी जगली. सांगायचं नव्हतं — तुमची थट्टा करता करता माझीच जीभ सैल सुटली. दार उघडं आहे, जायचं तर जा, राग नाही. फक्त बाहेर बोभाटा करू नका. त्या माणसाजवळ आता नावच तेवढं उरलंय.

उठत नाही? खरंच? धीट आहात, नाहीतर वेडे.

थांबा. हलू नका. इथं असते बहुतेकांची — तुमची नाही. इथंही नाही... अहो, ही बघा, बाहेरच्या अंगाला! आणि दोन फाटे, शिलेदार, दोन! नेहमीच्या जागी चिरलं असतं तर... असू दे. देठ इकडे ठेवायचा.

ही अफूची गोळी गिळा. कडू आहे, तोंड वाकडं करून ती गोड नाही व्हायची.

अहो, ऐकलंत का? आत या. इथं शिलेदारांच्या उशाशी बसा.

आणि शिलेदार, त्यांचा हात घट्ट धरून ठेवा. तुमच्यासाठी नाही, त्यांच्यासाठी.

झालं. आता वस्तरा हातात घेते, कुणी बोलायचं नाही. मीसुद्धा.