बाबांचा मधाच्या रंगाचा दगड

ताई: ही जेली आहे. मी दगड मागितला.

धाकटा: तोच तो. दुपारी ॲसिडात टाकला होता.

ताई: बाबांचा? मधाच्या रंगाचा?

धाकटा: वर कॅल्साइटची पांढरी पुटं होती. ती काढून बाबांच्या फोटोखाली ठेवणार होतो. क्वार्ट्झ तर बाबा असेच धुवायचे.

ताई: क्वार्ट्झला ॲसिड काही करत नाही! पण सिलिका असलेलं प्रत्येक खनिज तसं नसतं. टाकण्याआधी विचारायचं तरी कुणाला!

धाकटा: तुलाच विचारलं होतं. बाबा गेले त्या आठवड्यात. ‘साधाच असेल, धुऊन ठेव कपाटात.’ शब्द तुझे.

ताई: तेव्हा मी त्यांनी दिलेली या दगडाची पूड तपासली नव्हती. आज सकाळी प्रयोगशाळेतून निकाल आला. माहीत असलेल्या एकाही खनिजाशी तो जुळत नाही. किती फोन केले तुला!

धाकटा: बाबा अंथरुणावर होते तेव्हा मीही करत होतो. उचललास एकदा तरी?

ताई: विषय बदलू नकोस. नव्या खनिजाला त्यांचं नाव लागलं असतं.

धाकटा: मग लाव की! पूड आहे ना?

ताई: तपासण्यात संपली. नाव द्यायला नमुना लागतो, संग्रहालयात ठेवायला. आतली रचना बघायला स्फटिक लागतो. तू मला वाटीभर चिकट पाणी देतोयस.

धाकटा: त्यावरून काहीच कळत नाही?

ताई: एवढंच कळतं, की आत सिलिकाच्या लांब साखळ्या नव्हत्या. असत्या तर अशी जेली झाली नसती. सुट्या तुकड्यांच्या घराण्यातलं होतं.

धाकटा: बाबाही हेच म्हणायचे. ‘साखळीवाला नाही हा.’ आजारी पडण्याआधी त्यांनी तुला तसं सांगितलं, तर तू फोनवर हसलीस. मी शेजारीच बसलो होतो.

ताई: हो, हसले! झालं समाधान?

धाकटा: नाही झालं.

ताई: आण इकडे ती वाटी. डाव्या हाताने का देतोयस?

धाकटा: असंच.

ताई: उजवा दाखव. दाखव म्हणते ना! ॲसिडात हात घातलास?

धाकटा: विरघळताना दिसला. चिमटा सापडेना.

ताई: अक्कल गहाण टाकली होतीस का?

धाकटा: धरला होता गं मुठीत. बोटांतून निसटत गेला.

ताई: नळ सोड. हात धर खाली. मी सांगेपर्यंत काढू नकोस.