सहा ताटं

नणंद: मी काही भांडायला आलेले नाही. धाकटीचे दोन फ्रॉक आणि स्वेटर दे, तिला घेऊन जाते. माझ्या भावाचं प्लास्टर निघेपर्यंत राहील माझ्याकडे.

भावजय: वन्सं, आधी हात धुवा. ताटं घेतलीत.

नणंद: विषय बदलू नकोस. क्रेनवरून पडल्यापासून त्याला अर्धाच पगार येतोय. तीन पोरी घरात! परवा फोनवर रडला तो. म्हणाला, ताई, पोरींच्या पोटाला चिमटा बसतोय.

भावजय: दोन महिने खाटेवर पडून आहेत ना, नको नको ते डोक्यात येतं. तुम्ही पातेल्यावरचं झाकण काढून बघा.

नणंद: हे काय? डाळीत पाला कसला?

भावजय: मुळ्याचा. भाजीवाला तोडून टाकतो, मी मागून घेते. आणि त्या कढईत फ्लॉवरचे देठ आहेत. सोलून बारीक चिरले की छान लागतात.

नणंद: टाकायच्या वस्तू पोरींना घालतेस?

भावजय: टाकायच्या कुणी ठरवल्या? चव तर बघा.

नणंद: ...लसूण चांगला परतलायस. पण नुसत्या पाल्यावर पोरी वाढतात होय?

भावजय: नुसत्या कशाला? बिस्किटांचे पुडे बंद केले, त्या पैशांत अंडी आणते. लहान आकाराची, स्वस्त पडतात. चवळी-राजमा एक दिवसाआड भिजतो. मोठ्या दोघी कुरकुरल्या चार दिवस, आता भांडी चाटूनपुसून लख्ख करतात.

नणंद: बोलायला सगळं सोपं असतं.

भावजय: शाळेत गेल्या आठवड्यात वजनं झाली. धाकटी किलोभर वाढली. डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून विचारलं, घरी काय देता हिला? मला तर वाटलं, आता बोलणी बसणार. तर म्हणाल्या, बुधवारी या, बाकीच्या आयांनाही सांगा.

नणंद: तुला? शिकवायला?

भावजय: मलाच! आठवीत शाळा सुटलेल्या बाईला. हो म्हणून आले.

नणंद: बरं. पण खरं सांग, तू काय खातेस? पोरींना वाढून पातेलं खरवडत बसत असशील.

भावजय: मुळीच नाही. सगळ्यांबरोबर बसते, सगळ्यांएवढं खाते. मीच आडवी झाले तर यांचं कोण बघणार? माझ्या आईनं पोट मारून आम्हाला वाढवलं आणि चाळिशीतच अंथरूण धरलं. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या घरात हे होऊ द्यायचं नाही.

नणंद: ...मी उगाच त्याच्या रडण्यावर धावत आले.

भावजय: उगाच कसं? भाऊ रडला म्हणून आलात. पण पोरगी मी देणार नाही, वन्सं. माझी पोरं माझ्याच हातचं खाऊन मोठी होतील.

नणंद: नको देऊस. खरं सांगू? मलाच हवी होती ती. पोरगा परगावी गेल्यापासून घर खायला उठतं गं. डबे भरलेत, फ्रीज भरलाय आणि मी चहात पाव बुडवून झोपते. एकटीसाठी कोण रांधणार?

भावजय: अगंबाई! आणि हे कुणाला बोललाही नाहीत?

नणंद: काय बोलायचं त्यात?

भावजय: बसा आता. उद्यापासून संध्याकाळी इकडेच यायचं. आणि येताना काही आणायचं नाही. सहा जणांचं मी बरोबर बसवते.