लायबेरियाचा स्ट्रायकर, सँडीफोर्डचा सेक्रेटरी
आमच्या सँडीफोर्डच्या ऑफिस फुटबॉल लीगचा सेक्रेटरी जोसेफ, एकेकाळी लायबेरियाच्या राष्ट्रीय संघाचा स्ट्रायकर होता बरं का. फायनलच्या सकाळी त्याने मैदानात बॉल टाकला, तर तो चिखलात रुतूनच बसला.

"मॅच पुढच्या रविवारी," जोसेफ म्हणाला.

आमचा कॅप्टन मंदार भडकला, कारण तोवर आमची अर्धी टीम सुट्टीवर भारतात गेलेली असणार होती. त्याने जोसेफला आधी इंग्रजीत आणि मग मराठीत यथेच्छ सुनावलं.

"ग्रँड," म्हणजे इथल्या आयरिश बोलीत 'ठीक आहे', एवढंच म्हणून जोसेफ वळला.

मलाच ओशाळल्यासारखं झालं. त्याला विचारलं, "एवढा मोठा खेळाडू तू, हा ताप कशाला घेतलास?"

"ताप तेव्हाही होता," तो म्हणाला. "हरलो की अख्खं स्टेडियम शिव्या घालायचं. फक्त त्यांच्याकडे माझा मोबाइल नंबर नव्हता."