विटकरीला शून्यं किती?

हॅलो?… कोण?… अगं मोठ्यानं बोल, इथं गिऱ्हाइकाचा पंखा घरघरतोय… हां, थांब, बंद केला. बोल. पोचलीस बहिणीकडं?… आणि रेडिओ? धक्काबिक्का नाही ना लागला?

काय?… उघडला? कोणी उघडला?

भाऊजींनी.

नाही, चिडलो कशाला? माझा साडू भिंती रंगवतो, छान रंगवतो. पण तुझ्या बाबांच्या रेडिओच्या पोटात आजवर माझ्याशिवाय कुणाचा हात गेला नव्हता, म्हणून विचारलं… हो, हो, माहीत आहे. पावसाळ्यापासून माझ्याच फळीवर पडून होता. गिऱ्हाइकांचं आधी बघायला नको?… बरं, चुकलं.

पण पैज कसली लावलीत तुम्ही दोघी बहिणींनी?… ज्याच्या हातून वाजेल त्याच्या घरी राहणार? वा! म्हणजे आता तो रंगाऱ्याच्या दिवाणखान्यात बसणार? अगं, त्याच रेडिओपायी मी तुमच्या घरात शिरलो. तुला बघायला थोडाच आलो होतो, रेडिओ बघायला आलो होतो… हसू नकोस… बरं, दुसऱ्यांदा तुला बघायला आलो होतो. झालं?

मग आता फोन कशाला? करू दे की तुझ्या भाऊजींना.

कुठं अडलं?… रेझिस्टर? तो रंगीत पट्ट्यांचा, दोन पायांचा? एक पाय सोडवून मोजला? हे बरं सुचलं त्याला!… मोजला कशानं?… माझा मीटर?! अगं, सकाळपासून अख्खं दुकान पालथं घातलं मी! तू पिशवीत घालून नेलास? त्या माणसासाठी?

नाही. मी शांतच आहे. सांग पट्ट्यांचे रंग, त्यावरनंच त्याचा आकडा कळतो. पट्टे ज्या टोकाला चिकटलेत, तिथून वाचायला सांग त्याला… पिवळा. चार… पुढं?… वांगी? वांगी काय? भाजी आणलीस का?… अगं वांगी रंगबिंग काही नसतं, जांभळा म्हण. सात… तिसरा?… विटकरी.

विटकरी!

दे त्याला फोन… नको, नको देऊस, माझं डोकं फिरेल. अगं, लाल म्हणजे पुढं दोन शून्यं, तपकिरी म्हणजे एक, नारिंगी म्हणजे तीन. विटकरीला शून्यं किती? वीटभट्टीवर जाऊन विचारू?… तो म्हणतो विटकरीच? त्याच्या हजार छटा त्याच्या डब्यात ठेव म्हणावं, आमच्याकडं सगळे मिळून दहा रंग आहेत… हो, सोनेरी-चंदेरी वेगळे. ते शेवटाला.

ऐक ना, ओल्या फडक्यानं पुस. धूळ बसली असेल… पुसलंस? आता?… लालभडक? बघ! गेली वीट. चार, सात, दोन शून्यं. चार हजार सातशे ओहम. मीटर किती दाखवतोय?

पाच हजार दोनशे… आणि भाऊजींचा निकाल काय? खराब, फेकून द्या? आहाहा. काय तो रुबाब! चौथा पट्टा विचारला का त्यानं स्वतःला?… तू बघ. सोनेरी असेल तर शेकडा पाच इकडं तिकडं चालतं. मग हा नापास. चंदेरी असेल तर शेकडा दहा… तरी नापास, थोडक्यात. आणि पट्टाच नसेल तर शेकडा वीस.

नाही?… नीट बघ, उजेडात धर… काहीच नाही? कोरा? मग पास! चांगला धडधाकट आहे. पाच हजार सहाशेच्या आत आहे ना, मग त्याला नावं ठेवायची नाहीत. जुनं माणूस आहे ते, जरा फुगलंय एवढंच. परत बसवा. सोल्डर नीट वितळू दे म्हणावं, भिंतीवर लांबी भरतात तसं थापू नकोस…

झालं?… फिरव बघू बटण.

…

वाजला?… वाजला गं! ऐकू येतंय… म्हणजे त्या पायाचा जुना जोडच ढिला झाला होता, नव्यानं सोल्डर केल्यावर बसला.

बरं आहे. जिंकला तुझा भाऊजी. ठेव तिथंच. रोज संध्याकाळी लावेल, बहीण चहा देईल, तू जाशील ऐकायला… मी कुठं कुढतोय?

काय म्हणालीस?… त्यानं नाही? मग सोल्डर कोणी मारला?

तू?

आणि पाय सोडवला?… तूच?… तो काय करत होता मग?… बॅटरीचा उजेड धरून उभा होता? नुसता? अगं मग मघापासून सांगायचं ना! मी इथं उगाच जळून कोळसा झालो… मजा वाटत होती? वा!

पण तुला शिकवलं कोणी?… डबा घेऊन यायचीस तेव्हा बघून?… हां. बघत होतीस तर.

म्हणजे घरी येतोय रेडिओ. माझ्या टेबलावरची जागा रिकामी करतो… नाही? ओट्याशेजारी? आणि मी हात लावायचा नाही?… अगं, तुझ्या बाबांनंतर त्याला मीच… बरं, बरं. तुझा तर तुझा. आता त्या रेडिओवरच जळायचं म्हणजे मी.

अगं ऐक ना, ठेवू नकोस. एक सांग. माझा चौथा पट्टा कुठला? सोनेरी ना?… चंदेरी तरी?…

पट्टाच नाही?

बरं. पण म्हणजे बसतोय ना मी अजून, शेकडा वीसमध्ये?… हसतेस काय, सांग की… हॅलो?… हॅलो?

ठेवला. मीटर आठवणीनं आण म्हणायचं राहिलंच.