उसना आवाज

माझ्या बाबांचं वाफेचं यंत्र परत द्यायला मी घशाच्या डॉक्टरांकडे गेले होते. घरी आता ते कुणाला लागत नव्हतं. शेजारी पॉवर मेटल, म्हणजे किंचाळत्या रॉक गाण्यांच्या, बँडमधले दोघं बसले होते, मफलर गुंडाळलेला गायक आणि त्याचा गिटारवाला.

“मागच्या वेळीच डॉक्टर म्हणाले, किंकाळ्या बंद. नाहीतर आवाज कायमचा जाईल.”

“अरे, शनिवारी कार्यक्रम आहे! किंकाळी काढली तर गाण्यात उरलं काय? ड्रॅगन आणि तलवार.”

“ती किंकाळी तरी माझी कुठे? त्या परदेशी गायकाची. शाळेपासून तीच घोटतोय.”

“लोक नक्कल म्हणतात तेव्हा मात्र भांडायला उठतोस.”

“खरं असलं की झोंबतं रे.”

“मग आता स्वतःच्या आवाजात गा.”

“गायलो की. काल, बाथरूममध्ये.”

“मग?”

“आई बाहेरून म्हणाली, ‘अहो, टॉवेल विसरलात का?’”

“म्हणजे थेट आपले मास्तर?”

“थेट बाबा! एक नक्कल खरवडून काढली, तर खाली दुसरी.”

“ही चालेल. बापाचा आवाज काढला म्हणून कुणी चोर म्हणत नाही.”

“अरे, समोर ड्रॅगन आग ओकतोय आणि मी हजेरी घेतोय, असं वाटतं!”

“घे की. तुझ्या बाबांपुढे ड्रॅगनसुद्धा तोंड मिटून बसेल. आपण वर्गात नाही का बसायचो?”

“लोक हसतील.”

“हसू देत. निदान आपल्याला हसतील.”

नर्सनं दार उघडलं. “पुढचं कोण?”

“मी,” गायक मोकळ्या, खणखणीत आवाजात म्हणाला.

बाकावरचे आम्ही सगळे ताठ बसलो.