थोरलीची भट्टी

हॅलो?… हॅलो, ताई? मी बोलतेय… मी गं, धाकटी. आवाज विसरलीस का?… नाही, नाही, सगळे बरे आहेत. कुणाला काही झालेलं नाही… अगं ऐक ना. मी बाबांच्या काचेच्या कारखान्यात आलेय… हो, तिथेच. विद्यापीठात.

ठेवू नकोस, ताई. ठेवलास तर मी परत लावणार… बरं, आधी गॅस बंद करून ये… केलास? बैस आता.

त्यांनीच बोलावलं. काच विभागाच्या प्रमुख बाईंनी. तुलाही दोनदा फोन केला म्हणे, तू विद्यापीठाचं नाव ऐकलंस आणि कट केलास… हो, माहितेय मला. काम तू शिकलीस, कारखाना तू चालवणार होतीस, आणि बाबांनी तो उचलून कॉलेज काढणाऱ्यांना देऊन टाकला. तुला विचारलंसुद्धा नाही… नाही गं, मी त्यांची बाजू घेत नाहीये. मी फक्त काय बघितलं ते सांगतेय.

काही पाडलेलं नाही, ताई. मोठ्या भट्टीची शेड होती ना, तिचं ग्रंथालय केलंय. छपराच्या लोखंडी कैच्या त्याच, वरच्या काचा त्याच. दुपारचं ऊन थेट पुस्तकांवर उतरतं. मी गेले तर माझ्या चपलांचाच आवाज मला मोठा वाटायला लागला… पॅकिंग शेड? तिथे कायद्याचं कॉलेज. आपण पेंढ्यात लपायचो तिथे आता मुलं खोटं कोर्ट भरवतात. एक मुलगी आरोपीच्या बाजूने इतकी तावातावाने भांडत होती… हो, तूच आठवलीस.

आणि पहिले विद्यार्थी कोण होते, सांग… आपलेच कामगार. कारखाना बंद केला तसे संध्याकाळचे वर्ग सुरू झाले. आपला चिडका मुकादम पदवीधर झाला, ताई. खरंच. व्हरांड्यात फोटो आहे, काळा झगा घातलेला, आणि कपाळावर आठी तीच… हसलीस ना? ऐकलं मी. मग कामगारांच्या चाळीत नर्सिंग कॉलेज निघालं, मग एकेक करत सगळं विद्यापीठच उभं राहिलं.

बाबांची केबिन?… तिथे पाळणाघर आहे. शिकणाऱ्या आयांच्या मुलांसाठी. बाबांच्या त्या भल्या मोठ्या टेबलावर आता लंगोट बदलतात… नाही, नाव नाही कुठे. नको म्हणाले होते.

कौतुक सांगायला फोन केला नाही मी… बरं, थोडा त्यासाठीही केला. पण काम आहे, आणि ते तुझ्याकडेच आहे. मागची छोटी भट्टी आठवते? तू रंगीत काच करून बघायचीस ती… आहे. चालू आहे. मुलं तिच्यावरच शिकतात.

अगं, बाबांनी एकच अट घातली होती. तोंडीच. छोटी भट्टी थोरलीला विचारल्याशिवाय पाडायची नाही… नाही गं, मलाही आजच कळलं… तुला का नाही सांगितलं, ते मी कसं सांगू? बाबा होते तेव्हा तरी मनातलं कधी सांगायचे का आपल्याला?

ऐक ना. विज्ञानाची इमारत बांधताना ती भट्टी बरोबर मध्ये आली. तर यांनी इमारतच वळवली. मुलं तिला 'वाकडी' म्हणतात. 'वाकडीत तास आहे' म्हणतात. एक विभागप्रमुख जाताना पुढच्याला बजावून जातो, भट्टीला हात लावायचा नाही म्हणून… आता? आता कमानीला तडा गेलाय. पाडून नवी बांधायला हवी. म्हणून तुझी परवानगी मागतायत… थट्टा कसली? बाई समोर उभ्या आहेत. बसा म्हटलं तर बसतही नाहीत.

ताई?… रडतेयस?… असू दे. रड. मी आहे फोनवर.

…काय?… थांब, विचारते. बाई, तडा कुठून गेलाय?… तोंडाकडून म्हणतायत… आडवा… हो, आडवाच… बरं. बरं, सांगते. बाई, ताई म्हणतेय, सगळी पाडायची काही गरज नाही. नुसती कमान उतरवायची. आणि ती येईपर्यंत कुणी वीटसुद्धा हलवायची नाही.

सांगितलं, ताई… मान डोलावतायत… येईपर्यंत म्हणजे? तू येतेयस?… आज? अगं, इतक्या लांब, एकटी… नाही, नाही, ये. तू ये. मी फाटकाशी उभी राहते… नवं आहे फाटक, पण रस्ता तोच आपला… हॅलो?… ताई?

ठेवला, बाई. निघाली ती.