शेजारणीचा धक्का

कॅन्सरच्या दवाखान्यात माझ्यामागच्या बाकावर दोघी बोलत होत्या. पिशोरच्या सरूबाई किरणांचा शेक घ्यायला आल्या होत्या, मेहरुन्निसा आपांचे मियाँ शेक घ्यायला आत गेले होते. दोघींच्या मध्ये सरूबाईंनी आपली पिशवी आणि पेला ठेवला होता.

“डॉक्टर काय म्हणले, बाई?”

“म्हणले, चांगल्या पेशीला शेजारणीचा धक्का लागला की ती वाढायची थांबती. तिची येळ झाली की गुमान मरती. ही बिघडलेली थांबतबी नाय, मरतबी नाय. जागा सोडून भलतीकडंच घर करती.”

“या अल्ला! अन् ही येती कुठून?”

“कुठून नाय, आपा. आपलीच पेशी हाये. म्हणून तर एकाची दुसऱ्याला लागत नाय.”

“मग हा पेला घरून कशाला आणला?”

“सुनंनं माझं ताट-पेला समदं वेगळं केलंय. नातवालाबी जवळ येऊ देत नाय.”

“तिला सांगा की, लागत नाय म्हणून.”

“सांगितलं. डॉक्टरच्या तोंडून ऐकल्याबिगर पटायचं नाय म्हणती.”

“मग आणा तिला इथं.”

“यष्टीत माझ्याशेजारी बसायला भेती ती.”

“जाऊ द्या. घ्या, माझ्याच कपातून अर्धा चहा प्या.”

“नगं, आपा.”

“का बरं?”

“माझं दुखणं तुमाला लागंल.”